व्हिसा संपलेल्या परदेशी जोडीदाराशी निकाह: कायदा काय सांगतो, आधी काय करावं

पुण्यात इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इराक या देशांतून शिकायला येणाऱ्या मुलामुलींची परंपरा जुनी आहे. कॅम्प आणि कोंढव्यात ही मुलं भाड्याने राहतात, आपल्या मशिदीत नमाज पढतात, आपल्या घरी इफ्तारला येतात. ओळखी होतात, पुढे रिश्ते जुळतात. कोकणातल्या अनेक खानदानांची एक शाखा फाळणीनंतर कराचीत राहिली, एखादी ब्रिटनला गेली, त्यामुळे तिकडच्या नात्यांतही सोयरिकी होत आल्या आहेत. अशा लग्नांत काही गैर नाही. अडचण येते ती जोडीदाराच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख उलटून गेलेली असते तेव्हा.

अशा वेळी बिरादरीत दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "निकाह लावून टाका, भारतीयाशी लग्न झालं की सगळं आपोआप कायदेशीर होतं." दुसरा म्हणतो, "व्हिसा नसेल तर निकाहच होत नाही." हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. निकाह आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाने दुसरी दुरुस्त होत नाही आणि एक बिघडली म्हणून दुसरी मोडतही नाही. पण व्हिसाचा प्रश्न तसाच ठेवून संसार सुरू केला, तर त्याची सर्वांत मोठी किंमत पुढे जन्माला येणाऱ्या मुलाला मोजावी लागते. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून ही सगळी माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत.

निकाह होतो का?

होतो. इजाब-कबूल, साक्षीदार, मेहर, दोघांची राजीखुशी आणि निकाहाच्या आड येणारं नातं किंवा इद्दत नसणं, या अटी पूर्ण झाल्या की निकाह दुरुस्त आहे. वधू किंवा वर कोणत्या देशाचा नागरिक आहे, त्याचा व्हिसा चालू आहे की नाही, याचा निकाहाच्या वैधतेशी संबंध नाही. भारतातला मुस्लिम व्यक्तिगत कायदाही अशी अट घालत नाही. वय मात्र पाहावं लागतं. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा नसेल तर बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ आड येतो.

दोघांचा धर्म वेगळा असेल, किंवा दोघांना नोंदणी पद्धतीनेच लग्न करायचं असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्या कायद्यानेही दोघं भारतीयच असले पाहिजेत अशी सरसकट अट घातलेली नाही. लग्नाची नोटीस द्यावी लागते, त्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य केलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. ज्याचा व्हिसा संपायला पंधरा दिवस उरलेत त्याच्यासाठी हा रस्ता पुरत नाही, हे आधीच लक्षात घ्यावं.

काझी साहेबांना आमची एक विनंती आहे. काझी हा इमिग्रेशन अधिकारी नाही हे खरं, पण निकाहनाम्यात परदेशी व्यक्तीचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहावं, पासपोर्ट क्रमांक टाकावा आणि पासपोर्ट व व्हिसाची झेरॉक्स रजिस्टरला जोडून ठेवावी. पासपोर्टवर "मोहम्मद" एका पद्धतीने आणि निकाहनाम्यात दुसऱ्या पद्धतीने लिहिलं गेलं, तर ते जोडपं पुढे महिनोन्‌महिने खेटे घालत बसतं. त्या व्यक्तीचं मायदेशी आधी लग्न झालेलं आहे का, तलाक झाला असेल तर त्याचा कागद आहे का, हेही विचारावं. शक्य असेल तिथे दूतावासाकडून अविवाहित असल्याचा दाखला मागवावा.

लग्न झालं की व्हिसा मिळाला असं होतं का?

होत नाही. भारतीय नागरिकाशी लग्न केल्याने व्हिसाची मुदत एका दिवसानेही वाढत नाही आणि नागरिकत्वही मिळत नाही. लग्नामुळे फक्त वेगळ्या प्रकारचा व्हिसा मागण्याचं कारण मिळतं. मागितलं की द्यायलाच पाहिजे असा तो हक्क नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे बऱ्याच आधी स्पष्ट केलं आहे. लुई दे रेड या बेल्जियन मिशनरीने भारतात आयुष्याचा मोठा काळ काढला होता. देश सोडण्याचा आदेश आल्यावर ते कोर्टात गेले. १९९१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की संविधानाच्या कलम २१ मधलं जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण परदेशी माणसालाही आहे, पण भारतात राहण्याचा आणि वसण्याचा कलम १९ मधला हक्क फक्त नागरिकांना आहे. म्हणजे कायदा सोडून त्याला कोणी त्रास देऊ शकत नाही, पण "मला इथेच राहू द्या" असं हक्काने म्हणता येत नाही.

उलट बाजूचीही भीती अनेक घरांत असते. परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून आपल्या मुलीचं भारतीय नागरिकत्व जात नाही. तिने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरच ते जातं.

मुदत उलटली की नेमका गुन्हा काय?

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा हे सगळे त्यात विलीन होऊन रद्द झाले. नव्या कायद्यातल्या तीन गोष्टी अशा जोडप्यांना माहीत असायला हव्यात.

• व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलं, किंवा व्हिसाची अट मोडली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

• वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात प्रवेश केला असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

• बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरला तर किमान दोन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय एक ते दहा लाख रुपये दंड.

पहिला आणि दुसरा प्रकार वेगळे आहेत. रीतसर व्हिसावर विमानतळावरून आलेला विद्यार्थी, ज्याची मुदत नंतर संपली, आणि सीमेवरून कागदाशिवाय आलेला माणूस, यांची केस सारखी नसते. पहिल्याकडे सुधारणेची वाट बरीच मोकळी असते. दुसऱ्याने वकिलाला विचारल्याशिवाय कोणत्याही ऑफिसात एकही अर्ज देऊ नये.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. "पाच हजारात आधार, दहा हजारात मतदार ओळखपत्र" असं सांगणारे दलाल आपल्या वस्त्यांत फिरतात. भारतीय असल्याचं भासवून काढलेला एकच खोटा कागद साध्या मुदत उलटल्याच्या प्रकरणाला फसवणुकीचं आणि बनावटीचं प्रकरण बनवतो आणि ज्या नातेवाइकाने पत्ता दिला तोही त्यात ओढला जातो. रीतसर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही आधार मिळू शकतं, पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही आणि व्हिसाही नाही.

निर्वासितांबाबतही एक खुलासा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड काही अफगाण आणि रोहिंग्या कुटुंबांकडे असतं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. ते कार्ड जपून ठेवावं, अडचणीत दाखवावं, पण त्याला व्हिसा समजू नये.

मुलाचं काय? हे सर्वांत आधी वाचा

नागरिकत्व कायदा, १९५५ मध्ये "अवैध स्थलांतरित" अशी एक व्याख्या आहे. कागदाशिवाय आलेला माणूस त्यात येतोच, पण वैध पासपोर्ट-व्हिसावर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेला माणूसही त्याच व्याख्येत येतो. इथे कायदा दोघांत फरक करत नाही.

आता जन्माचा नियम पाहा. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरण्यासाठी आईबाप दोघं भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असावा आणि दुसरा मुलाच्या जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा. म्हणजे वडील पिढ्यान्‌पिढ्या मालेगावचे किंवा महाडचे असले, पण बाळंतपणाच्या दिवशी आईचा व्हिसा संपलेला असेल, तर ते मूल कायद्याने जन्मतः भारतीय नागरिक ठरत नाही. आई भारतीय आणि वडिलांचा व्हिसा संपलेला असेल तरीही तेच.

कायदा जन्माच्या दिवसाची स्थिती पाहतो. व्हिसा दोन वर्षांनी दुरुस्त झाला तरी आधी झालेल्या मुलाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. विशेष परिस्थितीत अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण तो सरकारच्या मर्जीचा भाग आहे. म्हणून आमचं सांगणं एवढंच: निकाह झाला असेल आणि व्हिसा संपलेला असेल, तर मूल होऊ देण्याआधी कागद मार्गी लावा. घरच्या वडीलधाऱ्यांनी लाज न बाळगता हे नव्या जोडप्याला समजावून सांगावं.

मूल झालेलंच असेल तर जन्माची नोंद लपवू नये. जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवावा आणि आईबापांची नावं व राष्ट्रीयत्व खरं लिहावं. २०२५ च्या सुरुवातीपासून महाराष्ट्रात उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांची मोठी चौकशी सुरू झाली आणि त्यात मालेगावचं नाव सर्वांत जास्त गाजलं. वेळेवर आणि खरी केलेली नोंद हाच त्यावरचा उपाय आहे. परदेशी आई किंवा बापाच्या देशाच्या कायद्याने मुलाला तिकडचं नागरिकत्व मिळत असेल, तर दूतावासात त्याचीही चौकशी करावी. मूल कोणत्याच देशाचं नाही अशी वेळ येऊ देऊ नये.

व्हिसा अजून चालू असेल तर

ही सर्वांत सोपी स्थिती आहे आणि बहुतेक जण हीच वेळ वाया घालवतात. व्हिसा चालू असताना भारतीय नागरिकाशी लग्न झालं, तर तो व्हिसा एन्ट्री व्हिसात, म्हणजे लोक ज्याला एक्स व्हिसा म्हणतात त्यात, बदलून मागता येतो. अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर होतो. मुंबईत परदेशी नागरिक विभागीय नोंदणी कार्यालय आहे. इतर जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयातला परदेशी नागरिक विभाग हे काम पाहतो.

अर्जासोबत नोंदणीकृत विवाहाचा दाखला लागतो. नुसता निकाहनामा पुरत नाही. पोलीस घरी येऊन चौकशी करतात: दोघं खरंच एकत्र राहतात का, शेजारी काय म्हणतात, पूर्वीची वागणूक कशी आहे. त्यानंतर सुरक्षा विभागाचा होकार लागतो.

विवाह नोंदणीसाठी महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आहे आणि तो सर्व धर्मांच्या लग्नांना लागू आहे. शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, गावात ग्रामसेवकाकडे नोंदणी होते. निकाहनाम्याची प्रत, काझींची सही, साक्षीदार, फोटो, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती तयार ठेवा. निकाह झाल्याच्या आठवड्यातच हे काम हाती घ्यावं. वलीमा नंतर केला तरी चालेल.

व्हिसा संपलेलाच असेल तर

घाबरून लपून राहणं हा सर्वांत वाईट मार्ग आहे. दिवस वाढतात तसा दंड वाढतो आणि स्पष्टीकरण कमकुवत होतं. आम्ही सुचवतो तो क्रम असा.

१. आधी परदेशी नागरिकांच्या प्रकरणांचा अनुभव असलेला वकील गाठा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

२. पासपोर्टची मुदत पाहा. तोही संपला असेल तर आधी दूतावासात नवा करा. पासपोर्टशिवाय पुढचं काहीच हलत नाही. ज्यांच्या देशात युद्ध किंवा सत्तापालट झाला आहे त्यांनी दूतावासाला केलेल्या प्रत्येक अर्जाची पोच सांभाळून ठेवावी.

३. मुदत का उलटली याचं खरं कारण पुराव्यासह मांडा: हॉस्पिटलचे कागद, बाळंतपण, कॉलेजचं पत्र, बंद पडलेली विमानसेवा. मग ई-एफआरआरओवर मुदतवाढीचा अर्ज करा. उशिराचं शुल्क किंवा दंड भरावा लागेल, तो किती दिवस उलटले यावर ठरतो.

४. मुदतवाढ नाकारली तर देश सोडण्याची परवानगी, म्हणजे एक्झिट परमिट, मागा. व्हिसा संपलेला माणूस तिकीट काढून थेट विमानतळावर गेला तर तिथे अडकतो. हे परमिट आधी लागतं.

५. जाण्याआधी निकाह आणि विवाह नोंदणी पूर्ण झालेली असेल तर तो दाखला सोबत न्यावा आणि मायदेशातल्या भारतीय दूतावासात जोडीदार म्हणून एन्ट्री व्हिसाचा अर्ज करावा.

स्वतःहून परमिट घेऊन गेलेल्याला परत येण्याची आशा जास्त असते. पकडून परत पाठवलेल्या माणसाचं नाव काळ्या यादीत गेलं तर कितीतरी वर्षं नवरा-बायकोची भेट फोनवरच. काही महिन्यांचा विरह पत्करून कायम एकत्र राहायचं, की आज एकत्र राहून रोज दारावरच्या थापेला घाबरायचं, हा निर्णय जोडप्याने आणि दोन्ही घरांनी मिळून घ्यावा.

परत येणं अवघड दिसत असेल आणि निकाह अजून झाला नसेल, तर तिसऱ्या देशात किंवा जोडीदाराच्या मायदेशी लग्न करण्याचा पर्याय आहे. दोघांपैकी एक भारतीय असेल तर विदेशी विवाह कायदा, १९६९ खाली भारतीय दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येतं. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी तरुणांना हा मार्ग उपयोगी पडू शकतो.

घरमालक आणि सासरच्यांची जबाबदारी

परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत कळवावं लागतं. लोक याला सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलांप्रमाणेच घरी ठेवून घेणाऱ्यांनीही तो भरायचा असतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला साधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. पाकिस्तानी नागरिकांसाठी ही मुदत फक्त २४ तासांची आहे.

पाकिस्तान आणि बांगलादेशचे जोडीदार

यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या स्त्रियांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची तरतूद आहे. त्याचं महत्त्व एप्रिल २०२५ मध्ये दिसलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, पण दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले. साध्या भेटीच्या व्हिसावर असलेल्यांना काही दिवसांत अटारीमार्गे जावं लागलं. जे वर्षानुवर्षं "करू पुढे कधीतरी" म्हणत राहिले त्यांचे संसार सीमेवर अडले.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना अवैध स्थलांतरिताच्या व्याख्येतून काही अटींवर सूट दिली. मुस्लिमांना ती नाही. त्यामुळे आपल्यासाठी व्हिसाची तारीख पाळणं हेच एकमेव संरक्षण उरतं.

ओसीआय आणि नागरिकत्व

भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळू शकतं. त्यासाठी लग्न नोंदणीकृत असावं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं. जोडीदार स्वतः, त्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर हे कार्ड मिळत नाही. तलाक झाला तर ते रद्द होऊ शकतं.

नागरिकत्वासाठी सात वर्षं भारतात वास्तव्य लागतं. पण अवैध स्थलांतरित असलेल्याला हा अर्जच करता येत नाही. म्हणजे व्हिसा उलटवून वीस वर्षं इथे काढली तरी नागरिकत्वाच्या हिशोबात त्याचा फायदा नाही.

परदेशी सुनेचे हक्क

शेवटी एक कटू बाब. व्हिसा संपलेली परदेशी बायको म्हणजे तोंड दाबून ठेवता येणारी बायको, असं काही घरांत समजलं जातं. नवरा पासपोर्ट काढून घेतो आणि "जास्त बोललीस तर पोलिसांत देईन" अशी धमकी देतो. हे जुलूम आहे. मेहर तिचा हक्क आहे. पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आणि घरातल्या छळाविरुद्ध २००५ च्या कायद्याखाली दाद मागताना भारतीय नागरिक असण्याची अट नाही. पासपोर्ट तिच्याच ताब्यात असला पाहिजे. हेच परदेशी जावयालाही लागू.

व्हिसा हा एक करार आहे आणि करार पाळायचं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. रिश्ता ठरवताना आपण खानदान पाहतो, कमाई पाहतो, दीनदारी पाहतो. परदेशी स्थळ असेल तर त्याच बैठकीत पासपोर्ट उघडून व्हिसाची तारीखही पाहा. तारीख उलटलेली असेल तर रिश्ता मोडायची गरज नाही. फक्त वलीम्याच्या आधी वकिलाकडे जा.